डोळ्याच्या नसेची सूज, एमएस आणि पडद्याची ओसीटी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, गोव्यात म्हापशाकडे, रोज ओसीटीच्या मशीनवर बसतो, म्हणजे उजेडाने डोळ्याच्या पडद्याचे (रेटिनाचे) थर मोजणाऱ्या स्कॅनवर. पेशंट खुर्चीवरून उठता उठता जे विचारतात आणि मग घरी जाऊन रिपोर्टचा तिरका फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलंय. औषध कुठलं आणि किती हे ठरवणारा मी नाही, ते डोळ्यांचे डॉक्टर आणि न्यूरोलॉजिस्ट बघतील. पण त्या कागदावरचे रंग बघून लोकांची पाचावर धारण बसते ती बऱ्याचदा उगाच असते, आणि जिथे खरंच लक्ष द्यायला हवं तिथे मात्र "आता दिसतंय ना, मग झालं तर" म्हणून फाइल माळ्यावर जाते, म्हणून हा खटाटोप.

ऑप्टिक न्यूरायटिस म्हणजे काय, आणि त्यात एमएस कुठून आला?

डोळ्यातून मेंदूकडे जाणारी जी नस आहे तिला आलेली सूज म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, त्यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांच्यातल्या तंतूंवर जे मायेलिनचं आवरण असतं त्याच्यावर हल्ला करते. डोळ्याची नस ही खरं तर मेंदूचाच पुढे आलेला भाग, त्यामुळे ती पण तावडीत सापडते. एमएस असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पहिला झटकाच डोळ्याचा येतो आणि जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी येऊन जातो.

नेहमीचं चित्र असं, वय २० ते ४५, बायकांमध्ये जास्त, एकाच डोळ्याला काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत धूसर व्हायला लागतं, डोळा हलवला की मागे दुखतं, रंग उडाल्यासारखे दिसतात. पण प्रत्येक ऑप्टिक न्यूरायटिस एमएसचाच असतो असं अजिबात नाही, ते खाली येतंच.

डोळा लाल नाही, डॉक्टरांनी पडदा बघून "नॉर्मल आहे" म्हटलं. मग दिसत का नाही?

कारण सूज डोळ्याच्या मागे आहे. साधारण तीनातल्या दोघांमध्ये ती नसेच्या मागच्या भागात असते, तिथे बॅटरी मारून काही दिसत नाही, फक्त उरलेल्या एकाला नसेचं डोकं, म्हणजे डिस्क, सुजलेली दिसते. डॉक्टरांच्यात जुनी म्हण आहे की यात पेशंटलाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही.

म्हणून दोन साध्या तपासण्या सोडायच्या नाहीत. एक, बाहुलीची: अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर अशी फिरवतात, दुखऱ्या डोळ्यावर टॉर्च आली की बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होते. हे पेशंट मुद्दाम करू शकत नाही आणि लपवूही शकत नाही, म्हणून मला ती सगळ्यात प्रामाणिक तपासणी वाटते. दुसरी लाल रंगाची. आमच्याकडे थेंबांच्या बाटलीचं लाल झाकण असतं, एका डोळ्याने बघून "हा लाल १०० रुपयांचा धरला तर दुसऱ्या डोळ्याला किती रुपयांचा?" असं विचारलं की पेशंट पटकन म्हणतो "४०". एका बाईंनी सांगितलेलं मला आवडलं, त्या म्हणाल्या एका डोळ्याने कोकमाचं सरबत दिसतंय आणि दुसऱ्याने त्यात कुणीतरी दोन तांबे पाणी ओतलंय.

आजार नसेत आहे तर ओसीटी पडद्याची कशाला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि लोक तो सगळ्यात कमी विचारतात.

नसेतले तंतू काही नसेत उगवत नाहीत. ते पडद्यातल्या गँग्लियन पेशींचे शेपटे आहेत. साधारण १० ते १२ लाख पेशी, प्रत्येकीचा एक तंतू, ते सगळे पडद्याच्या वरच्या थरातून सरपटत डिस्ककडे येतात, तिथे एकत्र होऊन मागे वळतात आणि नस बनते. आता गंमत अशी की पडद्यात असेपर्यंत या तंतूंवर मायेलिन नसतंच, ते डोळ्याच्या बाहेर पडल्यावर चढतं. म्हणजे मागे मायेलिनवर हल्ला झाला, सुजेत तंतू तुटला, की तुटलेल्या जागेपासून उलट दिशेने, पडद्याकडे, तो मरत येतो आणि शेवटी त्याची मूळ पेशी पण जाते. याला काही आठवडे लागतात. पडद्यावर मायेलिन नसल्यामुळे तिथे जे पातळ होतं ते निव्वळ तंतू आणि पेशी गेल्याचा हिशोब असतो, मायेलिनचा गोंधळ त्यात नाही. मेंदूत असा उघडा हिशोब कुठेच मिळत नाही.

हे कळायला ओसीटीची वाट बघावी लागली असंही नाही. १९७४ मध्ये लार्स फ्रिसेन आणि विल्यम हॉइट यांनी साध्या ऑप्थॅल्मोस्कोपने एमएसच्या पेशंटच्या पडद्यावर तंतूंच्या थरात बारीक चिरा बघून लिहून ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या काहींना डोळ्याचा त्रास झाल्याचं आठवतही नव्हतं. ओसीटी जगासमोर आली १९९१ मध्ये, अमेरिकेत एमआयटीच्या फुजिमोटो आणि हुआंग वगैरे मंडळींनी आणली, आणि १९९९ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ती एमएसच्या पेशंटवर वापरून तंतूंचा थर मोजला. डोळ्यांनी दिसणारी चीर आता आकड्यात आली, एवढाच काय तो फरक, पण तो फार मोठा.

ओसीटीत पडदा कसा दिसतो ते सांगायचं तर कापलेल्या बेबिंकाचा तुकडा आठवा, थरावर थर, आणि आपल्याला रस त्यातल्या वरच्या दोन-तीन थरांमध्ये.

तपासणीत काय करतात? दुखतं का? रेडिएशन?

हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आत जी हिरवी खूण दिसते तिच्याकडे बघायचं. पाच मिनिटांचं काम. डोळ्याला काही लागत नाही, सुई नाही, एक्स-रे नाही, फक्त इन्फ्रारेड उजेड. बहुतेक वेळा बाहुली मोठी करायचे थेंब पण लागत नाहीत. गरोदर बाईला चालतं, लहान मूल दोन मिनिटं स्थिर बसत असेल तर त्यालाही. त्रास एकच, दुखऱ्या डोळ्याला ती हिरवी खूण धड दिसत नाही आणि मग नजर भटकते, अशा वेळी सांगा तसं, आम्ही दुसऱ्या डोळ्याने बघायला लावून काम भागवतो. डोळे कोरडे असतील तर आधी कृत्रिम अश्रूंचा थेंब टाकायला लावतो, कारण कोरड्या डोळ्याचा स्कॅन खराब येतो.

रिपोर्टवर आरएनएफएल आणि जीसीआयपीएल असे दोन आकडे आहेत, कुठला बघू?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामासाठी.

आरएनएफएल म्हणजे डिस्कच्या भोवतीचा तंतूंचा थर. तरुण निरोगी डोळ्यात सरासरी ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एका ऑप्टिक न्यूरायटिसच्या झटक्यानंतर तो साधारण २० मायक्रॉनने कमी होतो, वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून आलेला हा आकडा आहे. सगळ्यात जास्त मार कानाकडच्या, म्हणजे टेंपोरल बाजूला बसतो, कारण मधल्या बारीक नजरेचे तंतू तिकडून येतात. म्हणूनच डॉक्टर नंतर "डिस्क टेंपोरल साइडला फिकट आहे" असं लिहितात, आपल्याकडे लोक ज्याला "नस सुकली" म्हणतात ते हेच. आणि हा थर शून्यावर कधीच जात नाही, सगळे तंतू गेले तरी ३०-४० मायक्रॉन उरतात कारण त्यात रक्तवाहिन्या आणि आधाराच्या पेशी पण असतात. "अजून ४५ आहे म्हणजे निम्मं शिल्लक आहे" असं गणित करू नका.

जीसीआयपीएल हा मॅक्युलाजवळचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या बारीक नजरेच्या जागेजवळचा, गँग्लियन पेशींचा आणि त्याच्या खालचा थर, दोन्ही मिळून. काही मशीन दोन्ही एकत्र मोजतात, काही फक्त वरचा. माझं मत विचाराल तर ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये हाच जास्त कामाचा, कारण तो सुजत नाही. आरएनएफएल आधी सुजतो आणि मग पातळ होतो, मध्ये कुठेतरी तो फसवा नॉर्मल दिसतो. जीसीआयपीएल एकदा खाली जायला लागला की सरळ खाली.

पहिल्या आठवड्यात ओसीटी केली, नॉर्मल आली. उलट थोडा जाड आला. पैसे फुकट गेले का?

नाही हो, तीच तर तुमची बेसलाइन. झटक्याच्या सुरुवातीला तंतू अजून तुटून मरायचे असतात, नसेत सूज असली तर थर जाडच दिसणार. जीसीआयपीएल महिन्याभरात पातळ व्हायला लागतो, आरएनएफएल दोन-तीन महिन्यांनी, आणि तीन ते सहा महिन्यांत जे काही जायचं ते बहुतेक जाऊन बसतं. सहा महिन्यांनंतर आकडा साधारण स्थिर होतो. त्यामुळे पहिली ओसीटी लगेच, दुसरी तीन महिन्यांनी आणि मग सहा महिन्यांनी अशी करून घेतली तर पूर्ण गोष्ट कळते, अर्थात तुमचे डॉक्टर सांगतील तसं. मध्ये दर पंधरा दिवसांनी येऊ नका, मशीनचीच दोन-चार मायक्रॉनची इकडे-तिकडे असते, त्यावरून तुम्हाला नुसती धाकधूक होणार.

रिपोर्टवर लाल आलंय! म्हणजे गेलं का सगळं?

दम धरा. इथे जरा लांब लिहितो, कारण याच रंगांनी लोकांची झोप उडते.

मशीनमध्ये निरोगी लोकांच्या आकड्यांचा साठा असतो. तुमच्या वयाच्या लोकांशी तुलना करून ते रंग देतं: मधल्या लोकांना हिरवा, सगळ्यात कमी ५ टक्क्यांत असाल तर पिवळा आणि सगळ्यात कमी १ टक्क्यात असाल तर लाल. म्हणजे १०० पूर्ण निरोगी माणसं बसवली तरी त्यातल्या निदान चार-पाच जणांना कुठे ना कुठे पिवळा-लाल येणारच. शिवाय तो साठा कुणाचा, हा पण प्रश्नच आहे, गोव्यातल्या माणसांचा तो नक्कीच नाही.

मग मोठा नंबर. मायनस पाच-सहाच्या वरचा चष्मा असेल तर डोळा लांब असतो, थर ताणलेला असतो, त्याची उंच टोकं कानाकडे सरकलेली असतात आणि मशीनला वाटतं इथे पातळ आहे. असा लाल रिपोर्ट हातात घेऊन काचबिंदूचे थेंब सुरू झालेले लोक माझ्याकडे आलेत, कुठे झालं ते सोडा. आमच्यात याला लाल आजार म्हणतात, रोग नाही नुसता लाल रंग. आणि त्याच्या उलट हिरवा आजार पण असतो: तुमचा मुळात ११५ होता, झटक्यानंतर ९२ झाला, मशीन म्हणतं हिरवा, सगळं छान, आणि इकडे तुमचे २३ मायक्रॉन गेले ते कुणी मोजलेच नाहीत.

म्हणून रंग बघू नका, स्वतःचे आकडे बघा, आणि ते दोन्ही डोळ्यांचे शेजारी-शेजारी. निरोगी माणसात दोन्ही डोळ्यांचे आकडे जवळजवळ सारखे असतात. २०२२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ऑप्टिक न्यूरायटिसच्या निदानाचे जे निकष छापले त्यातही हेच धरलंय, दोन डोळ्यांतला फरक जीसीआयपीएलमध्ये ४ मायक्रॉनपेक्षा जास्त किंवा आरएनएफएलमध्ये ५ पेक्षा जास्त असेल तर तो अर्थपूर्ण. चार मायक्रॉन म्हणजे किती, तर केसाच्या जाडीच्या पंधरा-वीसाव्या हिश्श्याएवढं, त्यामुळे स्कॅन चांगला असायलाच हवा. कागदावर सिग्नल स्ट्रेंथ लिहिलेली असते, दहापैकी सहापेक्षा कमी असेल तर मी तो स्कॅन परत घेतो, तुम्हीही मागा. आणि एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनच्या आकड्याशी लावायचा नाही. पणजीला ९५ आणि मडगावला ८८ आला म्हणजे वाटेत झुवारी पुलावर सात मायक्रॉन पडले असं होत नाही.

आता मला ६/६ दिसतंय. मग पडदा पातळ कसा?

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. काळे ठळक अक्षर पांढऱ्या पाटीवर वाचायला थोडे तंतू पण पुरतात. म्हणून वर्षभरात दहातल्या नऊ जणांची नजर चांगली परत येते आणि सगळे खूश होतात. पण फिकट राखाडी अक्षरं वाचायला लावा, मग तोच डोळा अडखळतो. पेशंट म्हणतात ना, "दिसतं पण स्वच्छ नाही", "पावसात बसच्या काचेतून बघतोय असं वाटतं", डॉक्टरांनी ६/६ लिहिलं म्हणून त्यांना खोटं ठरवू नका, घरच्यांनो तुम्हीसुद्धा. अशांची कॉन्ट्रास्टची तपासणी करून घ्या. २००६ च्या एका अभ्यासात आरएनएफएल साधारण ७५ मायक्रॉनच्या खाली गेला की नजरेच्या फील्डमध्ये कायमची कमतरता राहते असं दिसलं होतं, त्याच्या वर शरीर बरंच सांभाळून घेतं.

अजून एक चमत्कारिक प्रकार. दुखऱ्या नसेतून संदेश थोडा उशिरा पोहोचतो, त्यामुळे समोरून आडवी जाणारी वस्तू खोलीत जवळ-लांब झाल्यासारखी वाटते. याला पुल्फ्रिख इफेक्ट म्हणतात. बॅडमिंटनचं शटल हुकतं, रस्ता ओलांडताना कदंबा बस नेमकी किती लांब आहे त्याचा अंदाज चुकतो. कार्ल पुल्फ्रिखने १९२२ मध्ये हे मांडलं, आणि बिचाऱ्याचा स्वतःचा एक डोळा निकामी होता, त्यामुळे त्याला ते कधी दिसलंच नाही. उपाय सोपा आहे, चांगल्या डोळ्यासमोर हलकी गडद काच घालतात, म्हणजे दोन्ही डोळे सारखेच उशीर करतात. हे मागितल्याशिवाय कुणी देत नाही, त्रास होत असेल तर विचारा.

दुसऱ्या डोळ्याला कधीच काही झालं नाही, तरी तो पण पातळ लिहिलाय.

एमएसमध्ये हे होतं. कधीच झटका न आलेल्या डोळ्यातसुद्धा सरासरी ७ मायक्रॉनच्या आसपास आरएनएफएल कमी सापडतो. काहींना न कळता हलका झटका येऊन गेलेला असतो, काहींमध्ये मेंदूत मागच्या वाटेवर डाग असतात त्याचा परिणाम पुढे पडद्यापर्यंत येतो. फ्रिसेन-हॉइटने बघितलेलं हेच. म्हणून न्यूरोलॉजिस्टला ओसीटीत एवढा रस असतो: २०१६ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात ज्यांचा आरएनएफएल ८८ मायक्रॉनच्या आसपास किंवा खाली होता त्यांची पुढच्या वर्षांत तब्येत ढासळायची शक्यता दुप्पट निघाली. हा सगळ्या गटाचा हिशोब आहे, तुमच्या एकट्याचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही.

म्हणजे ओसीटीवरून एमएस आहे की नाही कळतं?

एकट्या ओसीटीवरून नाही. थर पातळ होणं हे काचबिंदूतही होतं, टीबीच्या औषधानेही होतं, कशानेही नस मेली तरी होतं. एमएससाठी मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय, गरज पडली तर पाठीतलं पाणी, आणि न्यूरोलॉजिस्टची तपासणी. हां, पण ओसीटीचं वजन वाढलंय. एमएसच्या निदानाचे मॅकडोनाल्ड निकष असतात, त्यांच्या २०२४ च्या सुधारणेत मेंदू-मणक्यातल्या चार जागांच्या जोडीला डोळ्याची नस ही पाचवी जागा म्हणून धरली आहे आणि तिथला पुरावा ओसीटी, व्हीईपी किंवा एमआरआयने देता येतो. व्हीईपी म्हणजे टीव्हीवर काळे-पांढरे चौकोन हलवून डोक्याला लावलेल्या वायरींनी संदेश किती उशिरा पोहोचतो ते मोजतात ती तपासणी.

धोका किती हे लोक हमखास विचारतात. अमेरिकेत १९८८ ते १९९१ मध्ये ४५७ पेशंट घेऊन ऑप्टिक न्यूरायटिसची जी मोठी ट्रायल झाली त्यात १५ वर्षांनी निम्म्या लोकांना एमएस झालेला दिसला. पण पहिल्या एमआरआयमध्ये एकही डाग नव्हता त्यांच्यात २५ टक्के, आणि एक तरी डाग होता त्यांच्यात ७२ टक्के. ते बहुतेक गोरे पेशंट होते आणि आजची औषधं तेव्हा नव्हती, हे लक्षात ठेवूनच तो आकडा वाचा. आपल्याकडे एमएस मुळात युरोपपेक्षा कमी आणि त्याच्यासारखे दिसणारे दुसरे दोन आजार तुलनेने जास्त वाट्याला येतात: एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका), ज्याची अॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली, आणि मॉग, तोही अँटिबॉडीचाच आजार. दोन्ही डोळे एकदम गेले, डिस्क खूप सुजली, नजर अगदी बोटं मोजण्यापर्यंत खाली आली किंवा दोन-तीन आठवड्यांत काहीच सुधारणा नाही, असं असेल तर या रक्ततपासण्या करायलाच हव्यात. एनएमओत एका झटक्यात पडद्याचा थर एमएसपेक्षा खूप जास्त खाली जातो, आणि एमएसची काही औषधं एनएमओला उलटी पडतात, त्यामुळे नाव बरोबर लागणं फार महत्त्वाचं.

रिपोर्टमध्ये "मायक्रोसिस्टिक मॅक्युलर इडिमा" लिहिलंय. शेजारच्या काकांना शुगरमुळे डोळ्यात सुई दिली, मला पण लागणार का?

नाव सारखं, आजार वेगळा. शुगरमध्ये रक्तवाहिन्या गळतात आणि पाणी साठतं. इथे पडद्याच्या आतल्या एका थरात बारीक बारीक पोकळ्या दिसतात, गळती काही नसते. २०१२ मध्ये पहिल्यांदा एमएसच्या पेशंटमध्ये हे वर्णन झालं, साधारण ५ टक्के लोकांमध्ये, आणि ज्या डोळ्याला झटका येऊन गेला त्यात जास्त. नंतर कळलं की इतर कारणांनी नस खराब झाली तरी हे दिसतं. यासाठी डोळ्यात सुई नाही. पण तुम्ही फिंगोलिमॉडच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण त्या गोळीने खरीखुरी मॅक्युलाची सूज थोड्या लोकांना येऊ शकते, शंभरात एकापेक्षा कमी, आणि शुगर असलेल्यांना किंवा आधी डोळ्यात युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, झालेल्यांना जास्त. म्हणून ती सुरू करायच्या आधी आणि साधारण तीन-चार महिन्यांनी ओसीटी करतात. गोळी बंद केली की बहुतेकांची सूज उतरते, पण स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

स्टिरॉइडने पातळ झालेला थर परत भरतो का?

नाही. आणि हे कटू आहे पण खरं आहे. वर सांगितलेल्या त्याच ट्रायलमध्ये शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस दिलं तर नजर लवकर परत आली, पण वर्षानंतर औषध न घेतलेल्यांच्या आणि घेतलेल्यांच्या नजरेत फरक नव्हता. शिवाय नेहमीच्या डोसमध्ये नुसत्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेतलेल्यांना झटका परत येण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्यामुळे ओळखीच्या फार्मसीतून "मागच्या वेळी दिलेल्या त्या गोळ्या" आणून खाणं हा प्रकार बंद करा. एनएमओ आणि मॉगमध्ये मात्र स्टिरॉइड उशिरा दिलं तर नजरेचं कायमचं नुकसान होऊ शकतं, तिथे एकेक दिवस मोलाचा. स्टिरॉइडच्या आधी शुगर, बीपी आणि टीबीबद्दल विचारतात, खरं काय ते सांगा.

उन्हातून आलो की परत धूसर होतं. परत झटका आला का?

बहुतेक नाही. याला उथहॉफ म्हणतात, विल्हेल्म उथहॉफने १८९० मध्ये लिहून ठेवलेलं. अंग तापलं की आधीच जखमी झालेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाही. मे महिन्यात दुपारी फेरीबोटीची वाट बघत धक्क्यावर उभं राहिलात, चवथीला चुलीसमोर नेवऱ्या तळत बसलात, ताप आला, की तोच डोळा धुरकट होतो आणि अंग थंड झालं की परत साफ. पडद्यात यामुळे नवीन नुकसान होत नाही. गार पाण्याने तोंड-हात धुवा, पंख्याखाली बसा. २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, ताप नसताना टिकलं किंवा डोळा हलवताना दुखायला लागलं तर मात्र डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी.

एमएस सोडून अजून काय काय असू शकतं?

टीबीचं एथॅम्ब्युटॉल हे पहिलं. दोन्ही डोळे, हळूहळू, दुखत नाही, रंग जातात. गोळी वेळेत थांबली तर बऱ्याचदा सुधारतं, म्हणून टीबीचा कोर्स चालू असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. बी१२ कमी असणं. दारू आणि तंबाखू वर्षानुवर्षं. आणि भेसळीच्या दारूतलं मिथेनॉल, ते तासांत-दिवसांत दोन्ही डोळे घालवतं आणि जीवही घेऊ शकतं, तिथे ओसीटीसाठी माझ्याकडे येऊच नका, सरळ इमर्जन्सीला जा.

गोव्यात दाखवायचं कुठे?

बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डोळ्यांचा आणि न्यूरोलॉजीचा असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, हा मोठा फायदा, कारण या आजारात दोघांनी मिळूनच बघायला लागतं. पेडणे, सत्तरीतून, अगदी सावंतवाडी-दोडामार्गहून लोक तिथे येतात, सकाळी लवकर निघा. आधी जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी घेतलीत तर काम सोपं होतं. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर बरोबर ठेवा आणि त्यात काय बसतं ते तिथल्या काउंटरलाच विचारा.

एक विनंती, ओसीटीचा छापील कागद मागून घ्या, "नॉर्मल" किंवा "थिनिंग" एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन घरी जाऊ नका. तीन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना तुमचा जुना आकडा हवा असतो, आणि तोपर्यंत मशीन बदललेलं असतं, माणूसही बदललेला असतो. फोटो काढताना सरळ काढा, सिग्नल स्ट्रेंथ आणि तारीख आली पाहिजे.

आम्ही रोज मासे खातो, उन्हात असतो, तरी हे कसं काय झालं?

ऊन आणि व्हिटॅमिन डी जास्त असलेल्या देशांत एमएस कमी आढळतो हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नाही. बांगडे-तारले खा, चांगलेच आहेत, त्याने झालेला आजार बरा होत नाही एवढंच. सिगरेट ओढत असाल तर ती सोडा, तिने धोका वाढतो हे पक्कं आहे.

मुलांना होईल का? आणि मला बाळ हवंय, थांबू का?

आई किंवा वडिलांना एमएस असेल तर मुलाला व्हायची शक्यता शंभरात दोन-तीन, म्हणजे बहुतेकांना होत नाही. गरोदरपणात, खासकरून शेवटच्या तीन महिन्यांत, झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत जरा वाढतात. थांबायची गरज नसते पण काही औषधं आधी बंद करावी लागतात, म्हणून दिवस गेल्यावर नव्हे, ठरवल्यावर लगेच न्यूरोलॉजिस्टशी बोला.

स्कूटर चालवू का?

झटका चालू असताना नको. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात रात्री खड्ड्यात पाणी भरलं की दोन्ही डोळे चांगले असलेले पण पडतात. नजर परत आल्यावर फील्डची आणि कॉन्ट्रास्टची तपासणी करून डॉक्टरांना विचारा, ६/६ च्या कागदावर जाऊ नका. सुरुवात दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, आणि समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर रात्रीचं अजून काही महिने राहू द्या, पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, करा.